तलंगेचे अंग बाहेर आले तर

सुरत स्टेशन सोडून मुंबईकडे जाणारी गाडी उधन्याच्या वाटेला लागली म्हणजे पूर्वेच्या बाजूस जी दाट वस्ती दिसू लागते, तीच लिंबायत. शहर गुजरातचे, परंतु तेथील गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी सर्रास कानी पडते. कारण धुळे, जळगाव, नंदुरबार या बाजूची हजारो कुटुंबे यंत्रमागाच्या आणि रंगाई-छपाईच्या मजुरीसाठी तेथे येऊन स्थायिक झालेली आहेत. उधन्याहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर असे करीत जळगावास जाणारी रेल्वे हाच त्यांचा माहेरचा रस्ता. या रस्त्याने बाजरी येते, कळण्याचे पीठ येते, वाळवलेल्या मिरच्या येतात. आणि कधी कधी टोपलीवर फडके बांधून एखादी कोंबडीही येते.

खेड्यात काय किंवा शहरातल्या अशा गल्लीत काय, घरची कोंबडी ही बहुधा घरच्या बाईची मालमत्ता असते. शेत नवऱ्याच्या नावावर, पगार नवऱ्याच्या हाती. पण अंड्यांचे चार पैसे तिच्या गाठीला. मुलाच्या वहीचा, अवचित आलेल्या पाहुण्याच्या चहाचा, माहेरी जाण्याच्या तिकिटाचा खर्च कित्येकदा त्या गाठीतूनच सुटतो. म्हणून कोंबडीचे दुखणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, हे वाचकांना मी वेगळे सांगावयास नको.

लिंबायतमधील एका घरची गोष्ट आहे. घराच्या पाठीमागे दोन हात रुंदीचा बोळ, त्यात लाकडी फळ्यांचे खुराडे, खुराड्यात पाच कोंबड्या. चार गावाकडच्या देशी. पाचवी फेरीवाल्याकडून पिल्लू असताना घेतलेली, तांबूस रंगाची, अंगाने भरदार. ती तलंग पाच महिन्यांचीही झाली नव्हती तोच अंडी देऊ लागली, तेव्हा घरात कौतुक झाले. पावसाळ्यातील एका दुपारी धाकटी मुलगी धावत आत आली आणि ओरडली, "आई, आपल्या लालीचं आतडं बाहेर आलंय, आणि बाकीच्या तिला टोचताहेत!"

सासूबाईंनी बोळात डोकावून पाहिले आणि निकाल दिला, "कापून टाक सूनबाई. अंग बाहेर आलेली कोंबडी जगत नाही."

सूनबाईने उत्तर दिले नाही. तिने त्या कोंबडीला पदरात गुंडाळून उचलले आणि घरात आणले. पुढे जे घडले ते यथाक्रम सांगेनच. परंतु तिने उचलण्यास विलंब केला नाही, ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व काही तिच्यावरच अवलंबून होते.

आता हे बाहेर येणारे अंग म्हणजे नेमके काय? मुलीला वाटले तसे ते बहुतेक वेळा आतडे नसते. कोंबडीला मागे एकच द्वार असते. विष्ठा तेथूनच पडते आणि अंडेही तेथूनच येते. मग अंडे स्वच्छ कसे राहते, असा प्रश्न कोणा जिज्ञासू वाचकाला पडेल. निर्मात्याची योजना अशी आहे, की अंडे बाहेर येण्याच्या क्षणी अंड्याच्या नळीचे शेवटचे टोक सदऱ्याची बाही उलटावी तसे उलटून द्वाराबाहेर येते, विष्ठेच्या वाटेवर पडदा धरते, अंडे अलगद खाली सोडते आणि पुन्हा आत जाते. अंडे घालताना कोंबडीच्या मागे क्षणभर ओलसर लाल मांस दिसते ते हेच. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. काही क्षणांत ते दिसेनासे होते. दुखणे होते ते हे टोक परत आत जात नाही तेव्हा. नळी थकलेली असते, सुजलेली असते, किंवा अंडे तिच्या ताकदीपेक्षा मोठे असते. म्हणजे हा काही बाहेरून आलेला रोग नव्हे. रोजचेच काम अर्ध्यावर थांबले, इतकेच. म्हणूनच तो एकीकडून दुसरीला लागत नाही.

परंतु एकीची जखम दुसऱ्यांना दिसते, हेच मोठे संकट. कोंबड्यांना लाल ओलसर वस्तू दिसली की चोच मारल्यावाचून राहवत नाही. नॉर्वे देशातील श्येल्डेरूप-एब्बे नावाच्या गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी जगाला दाखवून दिले, की प्रत्येक खुराड्यात एक उतरंड असते. वरची कोंबडी खालचीला टोचते, खालची तिच्याहून खालचीला. आपल्या बायांना हे त्यापूर्वीच ठाऊक होते, फक्त त्यांनी ग्रंथ लिहिला नाही! या उतरंडीत जी दुखणाईत झाली ती एकदम तळाशी जाते. एकीने चोच मारली, रक्त आले, की इतर धावतात. आणि बाहेर आलेले अंग ओढता ओढता त्यामागून खरेच आतडे बाहेर येते. सकाळी अंग आलेली कोंबडी संध्याकाळी मेलेली आढळते ती पुष्कळदा दुखण्याने नव्हे, सोबतिणींच्या चोचीने. लाल अंग दिसताक्षणी त्या कोंबडीला इतरांपासून वेगळे करावे. अन्य कोणताही उपचार त्यानंतरचा.

सूनबाईने वेगळे केल्यानंतर काय केले ते पाहू. शेजारच्या एका मावशींनी घासलेट लावण्यास सांगितले, दुसऱ्या एका बाईने चुना आणि हळद. सुदैवाने घरात घासलेट नव्हते. वाचकहो, ते अंग म्हणजे डोळ्याच्या आतल्या पापणीइतके नाजूक असते. घासलेट, चुना, राख किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक औषध त्यावर घालणे म्हणजे भाजणेच होय. हळदीची कोरडी पूडही त्यावर चिकटून खुपते. लागते ते फक्त उकळून कोमट केलेले पाणी आणि थोडे मीठ. अर्धा लिटर पाण्याला चहाचा एक चमचा सपाट भरून मीठ पुरते. तेवढे खारट पाणी शरीरातील रसाशी मिळतेजुळते असल्याने झोंबत नाही.

हे काम दोघांनी करावे. एकाने कोंबडीला जुन्या फडक्यात पंखांसह गुंडाळून मांडीवर घ्यावे, तोंड झाकले तर ती शांत राहते. मात्र छाती आवळू नये. आपल्या पोटात जसा श्वासाचा पडदा असतो तसा पक्ष्यांना नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्यांना श्वास घेता येतो. घट्ट धरलेली कोंबडी उपचार पुरा होण्यापूर्वीच गुदमरून जाते, आणि दोष दुखण्याला दिला जातो. दुसऱ्याने हात साबणाने धुवावे, नखे कापलेली असावीत, अंगठी काढून ठेवावी. मिठाच्या पाण्याची धार सोडून माती, पिसे, विष्ठा वाहून जाऊ द्यावी, चोळू नये. आत अंडे अडले आहे काय ते पाहावे. अडले असल्यास ते फोडण्याच्या फंदात पडू नये, कवचाच्या धारेने आतून चिरते. कोंबडीला कोमट पाण्याच्या घमेल्यात पाठीमागचा भाग बुडेल अशी वीसेक मिनिटे बसवावे आणि थोडे खोबरेल तेल कडेने सोडावे. बहुधा अंडे आपण होऊन येते. न आल्यास पशुवैद्याकडे जावे.

सूज फार असेल तर घरातली साखर कामास येते. पुष्कळांना हे नवल वाटेल. बारीक साखर अगदी थोड्या पाण्यात कालवून तिचा दाट लेप त्या सुजलेल्या अंगावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. साखर पाणी ओढते. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटते तसेच हे. अंग आकसते, मग ते मिठाच्या पाण्याने धुऊन टाकावे, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत. त्यानंतर बोट खोबरेल तेलाने माखून, शेपटीकडची बाजू किंचित वर करून, मध्यापासून हलक्या व सलग दाबाने ते आत सारावे आणि काही मिनिटे तसेच धरून ठेवावे. ती कुंथेल. कुंथत असता ढकलू नये. थांबावे आणि ती थांबली की पुन्हा सारावे. लिंबायतच्या त्या घरी पहिल्या दिवशी असे तीनदा करावे लागले. तिसऱ्या वेळी अंग आत राहिले.

येथवरचे काम हातांचे झाले. परंतु कित्येक घरी येथवर सर्व नीट होऊनही दुसऱ्या सकाळी अंग पुन्हा बाहेर दिसते. कारण उघड आहे. दुसऱ्या दिवशी दुसरे अंडे आले! कोंबडीच्या शरीरात एक अंडे तयार होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात, त्यांपैकी वीस तास नुसते कवच चढण्यात जातात. नळीला विश्रांती द्यावयाची तर अंडीच थांबवली पाहिजेत. आणि अंडी थांबवण्याची किल्ली आपल्या हाती आहे. ती औषधाच्या बाटलीत नाही, उजेडात आहे.

कोंबडी अंडी घालते ती दिवसाची लांबी मोजून. उजेड केवळ तिच्या डोळ्यांतून नव्हे, तर कवटीच्या पातळ हाडातून थेट मेंदूपर्यंत पोचतो. आंधळी कोंबडीदेखील दिवस लांबल्याचे ओळखते, हे शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले आहे. दिवस मोठा झाला की मेंदू अंडाशयास जागे करतो, लहान झाला की निजवतो. सुरतेला हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि उन्हाळ्यातील सर्वांत मोठा साडेतेरा तासांच्या आतबाहेर. व्यापारी कोंबडीपालक दिवे लावून तो चौदा ते सोळा तासांपर्यंत नेतात, म्हणजे अंडी वाढतात. पण जाणता पालक तलंगेचे अंग पुरते भरेपर्यंत दिवा वाढवीत नाही. अंग न भरलेल्या तलंगेला लवकर अंड्यावर आणले, की तिची हाडे आणि स्नायू तयार नसताना अंड्याचे ओझे तिच्यावर पडते, आणि अंग बाहेर येण्याचे प्रकार अशांतच अधिक होतात.

आता लिंबायतच्या त्या बोळाकडे पुन्हा पाहा. खुराड्याच्या समोरच, भिंतीपलीकडे, यंत्रमागाचा कारखाना. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतात, आणि कारखान्याच्या झडपांतून पांढऱ्या नळीदिव्यांचा उजेड रात्रभर थेट खुराड्यावर पडतो. नंदुरबारकडच्या खेड्यात सूर्य मावळला की कोंबडीचा दिवस संपतो. येथे तो संपतच नव्हता. देशी कोंबड्या बेताने अंडी देणाऱ्या, वर्षाला साठ-सत्तर, आणि तीही लहान. त्यांच्यावर या उजेडाचा फारसा परिणाम दिसला नाही. परंतु ती तांबूस तलंग सुधारलेल्या जातीची, अंडी देण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली. जिच्या पूर्वज रानकोंबडीने वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालून पिल्ले काढण्यात आयुष्य घालवले, तिच्या या वंशजांकडून माणसाने वर्षाला तीनशेपर्यंत अंडी मिळवली. त्यात हा अखंड दिवस. पाचव्या महिन्याच्या आतच तिला अंडी का आली याचे कौतुक करणाऱ्या घराला, ते कौतुक नसून इशारा आहे, हे कळावयास मार्ग नव्हता.

रात्रपाळीवर जाणारा घरचा पुरुष हे ऐकून एवढेच म्हणाला, "माझीही झोप त्याच दिव्यानं गेली आहे." ते विषयांतर होईल म्हणून सोडून देतो.

तेव्हा उपचारातील खरा भाग हा. अंग आत गेलेल्या कोंबडीला हवेशीर, पण अंधाऱ्या जागी एकटी ठेवावी. पुठ्ठ्याचे मोठे खोके चालते. त्यात गवत-भुसा न घालता स्वच्छ जुने धोतर किंवा कागद अंथरावा, म्हणजे काडीकचरा चिकटत नाही आणि रक्त पडले तर दिसते. दिवसातून सात-आठ तासांहून अधिक उजेड तिला मिळू नये. असे दोन आठवडे करावे. पाणी सतत समोर असावे. उपाशी ठेवू नये, पण अंड्यावरच्या कोंबडीचा खास खुराक बंद करून ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी यांवर ठेवावी. सकाळ-संध्याकाळ मागची बाजू पाहावी. पावसाळ्यात माश्यांची फार भीती असते. ओल्या अंगावर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होतात. म्हणून खोक्याच्या तोंडावर जाळीचे फडके बांधावे. माणसांसाठी आणलेल्या गोळ्या कुटून तिला घालू नयेत. औषध द्यावयाचे ते पशुवैद्याने द्यावे, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही त्यालाच विचारावे.

अंग वारंवार येत असेल तर पशुवैद्य द्वाराभोवती एक टाका घालतात. बटव्याच्या तोंडाला नाडी ओवून ती आवळावी तसा हा टाका; विष्ठा पडेल एवढी वाट ठेवून बाकीचे बंद. तोही काही दिवसांपुरता, आणि अंधार पाळला तरच उपयोगी. टाका असताना अंडे आले तर अनर्थ होतो. सुरतेपासून जवळच नवसारीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्रातील वाचकांना तालुक्याचा सरकारी पशुदवाखाना माहीत असतोच. "कोंबडीसाठी का दवाखान्यात जायचे?" असे म्हणून कोणी हसले तर हसू द्यावे.

दाण्याविषयी थोडे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, आणि ते रोज आणावयाचे कोठून? खाण्यात नसेल तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. कॅल्शियम नुसते कवचालाच नव्हे, अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागते. ते कमी पडले की नळी ढिली पडते. शिंपल्यांचा चुरा एका वाटीत वेगळा ठेवावा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल. किनाऱ्यावरील वाचकांना तो फुकट मिळतो. लिंबायतसारख्या ठिकाणी घरच्याच अंड्यांची कवचे तव्यावर भाजून, चुरून द्यावीत. याउलट शिळी पोळी, शेव, फरसाण यांवर वाढलेली कोंबडी लठ्ठ होते, आणि आतल्या चरबीमुळे अंड्याची वाट अरुंद होते. गल्लीतली मुले प्रेमाने तळलेले पदार्थ घालतात. त्यांना दाण्याची मूठ द्यावी.

हे सर्व करूनही प्रत्येक कोंबडी वाचत नाही, हे लपवून ठेवणे बरे नव्हे. एकदा अंग आलेल्या कोंबडीला ते पुन्हा येण्याचा संभव पुष्कळ असतो. बाहेर आलेले अंग काळे पडले असेल, वाळले असेल, दुर्गंधी सुटली असेल, किंवा चोचींनी फाटून आतडे दिसत असेल, तर ते आत ढकलण्यात दया नाही. अशा वेळी जाणत्या हाताने तिला झटकन सोडवावे. दिवस दिवस कोपऱ्यात तडफडू देणे, किंवा पाप लागेल म्हणून उकिरड्यावर जिवंत टाकून येणे, हा त्या जिवावर अन्याय होय. मुक्या जनावराला सांभाळण्याचे काम आपल्याकडे सोपवलेले आहे. त्यात त्याचा शेवट सांभाळणेही आले. अंग कुजलेली किंवा औषध दिलेली कोंबडी मात्र खाऊ नये.

आणखी एक शंका लिंबायतच्या गल्लीत त्याच दिवशी उठली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. कोणी म्हणाले, "बर्ड फ्लू तर नाही ना?" ही भीती त्या लोकांना नवी नाही. भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आली, म्हणजे त्यांच्या माहेरच्या रस्त्यावरच; तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि २०२१ साली त्या गावावर पुन्हा तीच पाळी आली. परंतु त्या रोगात एकाएकी अनेक कोंबड्या मरतात, तुरे निळे-काळे पडतात, डोकी सुजतात. एकाच तलंगेचे अंग बाहेर येणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर मात्र त्यांना हात न लावता सरकारी पशुदवाखान्यात वर्दी द्यावी. हात साबणाने धुणे दोन्ही प्रसंगी आवश्यक आहे.

लालीचे पुढे काय झाले? तिसऱ्या दिवशी एक अंडे आले, अंगही आले, आणि सूनबाईला पुन्हा सर्व खटाटोप करावा लागला. त्या वेळी कोंबडी मांडीवर धरली ती सासूबाईंनी. "छाती दाबू नका, आई," असे सूनबाई म्हणाली, तेव्हा "मला शिकवू नकोस," असे उत्तर मिळाले. पण हात सैल झाले. त्यानंतर अंडे आले नाही. सोळाव्या दिवशी खोके उघडले. तिला एकदम चौघींत सोडले नाही. दोन दिवस जाळीच्या टोपलीखाली ठेवून त्यांना एकमेकींची ओळख पुन्हा पटू दिली, नाहीतर उतरंडीचा तंटा नव्याने सुरू झाला असता. दीड महिन्याने तिने पुन्हा अंडे घातले, आणि त्या वेळी अंग आत गेले. पुढे जाईलच असे कोण सांगू शकेल?

खुराड्याची जागा बदलणे शक्य नव्हते, बोळ तेवढाच. म्हणून आता दिवेलागणीला कारखान्याच्या बाजूने खुराड्यावर एक जुनी गोधडी पडते, खालून वारा खेळावा म्हणून वीतभर मोकळी सोडलेली. ती टाकण्याचे आणि पहाटे काढण्याचे काम सासूबाईंनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतले आहे.